कट्टर उजव्यांना सत्तेत घेतलं की ते नरम पडतात?

युरोपात कुठलीही निवडणूक झाली, कट्टर उजव्या पक्षाला वीस-पंचवीस टक्के मतं पडली, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "घ्या ना एकदा सत्तेत, खुर्चीवर बसले की आपोआप नरम पडतील, फाइलींचा ढीग समोर आला की भाषणं बंद होतील." टीव्हीवरचे जाणकार हे म्हणतात, तिथले उद्योजक म्हणतात, आणि युरोपात राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा हेच चालू असतं. ऐकायला समजूतदार वाटतं. पण मला हे वाक्य घातक वाटतं, आणि तसं वाटायला कारण आहे, ऑस्ट्रियात गेल्या पंचवीस वर्षांत दोनदा हा प्रयोग करून झालाय आणि तिसऱ्यांदा थोडक्यात टळलाय, तेव्हा आता अंदाजावर बोलायची गरजच नाही.

ऑस्ट्रियाची फ्रीडम पार्टी, म्हणजे एफपीओ, १९५६ साली निघाली आणि तिचा पहिला अध्यक्ष आंटोन राइनथालर हा नाझींच्या एसएस या दलातला माणूस होता. १९९९ च्या ऑक्टोबरात योर्ग हायडरच्या नेतृत्वाखाली या पक्षाला जवळपास २७ टक्के मतं पडली आणि मध्यम-उजव्या पीपल्स पार्टीला, ओव्हीपीला, त्यांनी ४१५ मतांनी मागे टाकलं. अख्ख्या देशात मिळून ४१५. ओव्हीपीचे वोल्फगांग शुसेल प्रचारात सांगत होते की तिसऱ्या नंबरवर गेलो तर विरोधात बसू. गेले तिसऱ्या नंबरवर, आणि हायडरशी बोलणी करून स्वतःच चान्सलर झाले. ४ फेब्रुवारी २००० ला शपथविधी होता, बाहेर निदर्शकांची एवढी गर्दी की नव्या मंत्र्यांना चान्सलरच्या कचेरीतून राष्ट्राध्यक्षांकडे जमिनीखालच्या वाटेने जावं लागलं, आणि राष्ट्राध्यक्ष थोमास क्लेस्टिल शपथ देताना चेहऱ्यावरची रेषाही न हलवता उभे होते, त्याआधी त्यांनी एफपीओची दोन नावं कापली होती आणि लोकशाही मूल्यं पाळू असं लेखी निवेदन दोन्ही पक्षांच्या नेत्यांकडून सही करून घेतलं होतं. ईयूच्या बाकी चौदा देशांनी व्हिएन्नाशी राजकीय संबंध गोठवले, सप्टेंबरात ते निर्बंध उठवले, आणि त्यानंतर एवढा मोठा निषेध युरोपात पुन्हा कधी झाला नाही. आज कुठे कट्टर उजवा मंत्री झाला तर एक बातमी येते आणि जाते.

मग पुढे काय झालं? हायडर स्वतः मंत्रिमंडळात नव्हता, तो केर्न्टन राज्याचा मुख्यमंत्री म्हणून बाहेर बसला आणि तिथून आपल्याच मंत्र्यांवर तोफा डागायला लागला. २००२ मध्ये पक्षात बंड झालं, सरकार पडलं, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत एफपीओ २७ वरून १० टक्क्यांवर आली, शुसेलची ओव्हीपी ४२ वर गेली. तेव्हापासून शुसेलचं नाव युरोपातल्या प्रत्येक मध्यम-उजव्या नेत्याच्या तोंडी आहे, बघा त्याने कसं संपवलं त्यांना. या एका आकड्यावर नरम पडण्याची सगळी थिअरी उभी आहे.

पण आकडा तिथेच का थांबवायचा? २०१७ मध्ये एफपीओ परत २६ टक्क्यांवर होती आणि ओव्हीपीच्या सेबास्टियन कुर्झने त्यांना परत सरकारात घेतलं, या वेळी थेट गृहखातं देऊन. गृहमंत्री झाला हर्बर्ट किक्ल, हायडरची भाषणं लिहिण्यात ज्याचा हात होता तो माणूस. पदावर बसून अडीच महिनेही झाले नव्हते, २८ फेब्रुवारी २०१८ ला व्हिएन्नात पोलिसांनी धाड टाकली, आणि कुणावर, तर देशाच्या स्वतःच्याच गुप्तचर खात्यावर, बीव्हीटीवर. ही धाड कुठल्या पथकाने टाकली तर रस्त्यावरची गुन्हेगारी हाताळणाऱ्या पथकाने, ज्याचा प्रमुख एफपीओचा माणूस होता. जप्तीत कट्टर उजव्या संघटनांवर नजर ठेवणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाईंच्या ऑफिसमधलं साहित्यही गेलं. त्याच वर्षी कोर्टाने यातल्या बहुतेक धाडी बेकायदेशीर ठरवल्या, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, बाहेरच्या देशांच्या गुप्तचर यंत्रणांनी ऑस्ट्रियाला माहिती देताना हात आखडता घेतला. पुढच्या जानेवारीत हाच किक्ल टीव्हीवर म्हणाला की कायद्याने राजकारणाच्या मागे जायचं असतं, राजकारणाने कायद्याच्या मागे नाही. हा गृहमंत्री म्हणतोय. खुर्चीवर बसून वर्ष झाल्यावर म्हणतोय. नरम पडला म्हणायचं ते हेच का?

मे २०१९ मध्ये इबिझाचा व्हिडिओ बाहेर आला, एफपीओचा प्रमुख आणि उपचान्सलर श्ट्राखे एका रशियन धनाढ्याची भाची म्हणून भेटलेल्या बाईला सरकारी कंत्राटांचं आमिष दाखवताना आणि मोठं वर्तमानपत्र ताब्यात घ्यायच्या गप्पा मारताना दिसला, सरकार कोसळलं, राष्ट्राध्यक्ष फान डर बेलन यांनी किक्लला पदावरून काढलं, त्या प्रजासत्ताकाच्या इतिहासात असं काढलेला तो पहिला मंत्री. सप्टेंबरात एफपीओ १६ टक्क्यांवर. परत तेच लेख, संपले म्हणून. आणि पाच वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२४ ला, त्याच किक्लच्या नेतृत्वाखाली एफपीओ २८.८ टक्के मतं घेऊन संसदेच्या निवडणुकीत पहिल्यांदा पहिल्या नंबरवर आली.

म्हणजे २७, १०, २६, १६, २८.८. आणि ज्यांनी संपवलं म्हणून टाळ्या घेतल्या त्या ओव्हीपीचं काय, तर २००२ चे ४२ टक्के २०२४ मध्ये २६ झाले. सत्तेत घेतल्यावर कट्टर उजव्यांची मतं घटतात हे खरं आहे, पण ती तात्पुरती घटतात. राज्यकारभार जमत नाही, आपसात भांडतात, भ्रष्टाचारात सापडतात, लोक चिडतात. पण लोक चिडतात ते माणसांवर. त्या माणसांनी जे बोलून ठेवलेलं असतं ते मागे राहतं, कारण मधल्या दोन वर्षांत सभ्य पक्षाच्या मंत्र्यांनी टीव्हीवर बसून त्याचं समर्थन केलेलं असतं, युती टिकवायची म्हणून. २००० साली जे ऐकून लोक चौकात जमले होते ते २०१७ मध्ये कुर्झच्या स्वतःच्या जाहीरनाम्यात होतं. मग मतदाराने पुढच्या वेळी अस्सल माल सोडून नक्कल का घ्यावी?

२०२५ ची सुरुवात आठवून अजूनही अंगावर काटा येतो. निवडणुकीआधी ओव्हीपीचे चान्सलर नेहामर सांगत होते किक्लबरोबर कदापि नाही, त्यांचे सरचिटणीस श्टोकर किक्लला देशाच्या सुरक्षेला धोका म्हणत होते. एफपीओला वगळून चाललेली तीन पक्षांची बोलणी जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात फिसकटली, नेहामर पायउतार झाले, श्टोकर पक्षप्रमुख झाले आणि लगेच किक्लसमोर वाटाघाटीला जाऊन बसले. काही दिवसांत भूमिका उलटी. किक्ल चान्सलर होणार हे जवळपास ठरल्यात जमा होतं. अडलं कशावर? मुख्य म्हणजे गृहखात्यावर. किक्लला ते हवंच होतं, पोलीस, गुप्तचर यंत्रणा सगळ्यासकट, ओव्हीपी द्यायला तयार नव्हती. १२ फेब्रुवारीला बोलणी मोडली, आणि ३ मार्चला ओव्हीपी, समाजवादी आणि उदारमतवादी निओस यांचं सरकार आलं, निवडणुकीनंतर तब्बल पाच महिन्यांनी, श्टोकर चान्सलर.

आपल्याकडे महाराष्ट्रात गृहखात्यावरून युत्या-आघाड्यांमध्ये केवढी रस्सीखेच चालते ते वेगळं सांगायला नको, त्यामुळे मराठी वाचकाला हा मुद्दा पटकन कळेल. कट्टर उजव्या पक्षाला अर्थखातं दिलं तर तो फार तर बजेट बिघडवेल, पुढचं सरकार ते दुरुस्त करेल. पण पोलीस कुणावर नजर ठेवतात, कुणावर ठेवायची बंद करतात, अधिकारी कोण नेमले जातात, हे सरकार बदललं तरी सहजासहजी मागे फिरत नाही. १९३० च्या जानेवारीत जर्मनीतल्या थुरिंगिया राज्यात नाझी पक्षाला ११ टक्क्यांच्या आसपास मतं होती, तिथल्या मध्यमवर्गीय उजव्या पक्षांनी बहुमतासाठी त्यांना सोबत घेतलं, आणि त्यांनी मागून काय घेतलं तर गृह आणि शिक्षण ही दोन खाती, विल्हेल्म फ्रिकसाठी. पोलीस आणि शाळा. फ्रिकला पुढच्याच वर्षी जावं लागलं, पण १९३२ मध्ये ते राज्यच नाझींच्या ताब्यात गेलं. ३० जानेवारी १९३३ ला हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात तो धरून तीनच नाझी होते, त्यातला एक हाच फ्रिक, केंद्रीय गृहमंत्री. बाकीच्यांना वाटत होतं आपण संख्येने जास्त आहोत, आपण आवरू. मी आजच्या कुठल्या नेत्याला हिटलर म्हणत नाहीये, ती तुलना उठसूट करू नये आणि त्याने चर्चाच बंद होते. मी बोलतोय ते दुसऱ्या बाजूबद्दल, जे आवरू म्हणाले त्यांच्याबद्दल, कारण तो आत्मविश्वास आजही तसाच ऐकू येतो.

आता नेदरलँड्स, कारण तिथे दुसरी गोष्ट स्पष्ट दिसते, दार कधी उघडलं जातं ही. गीर्ट विल्डर्सच्या पीव्हीव्ही या कट्टर उजव्या पक्षाला २०१० मध्ये १५० पैकी २४ जागा मिळाल्या, मध्यम-उजव्या व्हीव्हीडीच्या मार्क रुटेंनी त्यांचा बाहेरून पाठिंबा घेऊन सरकार केलं, २०१२ च्या एप्रिलमध्ये खर्चकपातीवरून विल्डर्स उठून गेला, सरकार पडलं. त्यानंतर दहा-अकरा वर्षं रुटे आणि बाकी पक्षांनी दार बंद ठेवलं. त्या काळातल्या जागा बघा, १५, २०, १७. यातली काही मतं फोरम नावाच्या दुसऱ्या तशाच पक्षाकडे वळली होती हे मान्य, पण विल्डर्सला मत म्हणजे वाया गेलेलं मत हे लोकांना माहीत होतं. २०२३ च्या उन्हाळ्यात रुटेंचं सरकार आश्रितांच्या, म्हणजे देशात आश्रय मागायला येणाऱ्यांच्या, प्रश्नावरून पडलं, व्हीव्हीडीच्या नव्या नेत्या दिलान येशिलगोझ यांनी ऑगस्टमध्ये सांगून टाकलं की विल्डर्सला आधीच नाही म्हणणार नाही. झालं. प्रचाराचा विषय आश्रित आणि स्थलांतर, दार उघडं, नोव्हेंबरात पीव्हीव्हीला ३७ जागा आणि पहिला नंबर, व्हीव्हीडी २४ वर. मतदाराला कुणी फसवलं नव्हतं, त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने ऐकलं.

पीव्हीव्हीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, या पक्षाचा सदस्य एकच आहे, विल्डर्स स्वतः. शाखा नाहीत, अधिवेशन नाही, पक्षांतर्गत निवडणूक नाही. अशा पक्षाशी युती म्हणजे एका माणसाच्या मर्जीशी युती. तरी जुलै २०२४ मध्ये चार पक्षांनी सरकार केलं, गुप्तचर सेवेचे माजी प्रमुख डिक स्खोफ यांना पंतप्रधान करून, आणि आश्रितांचं खातं गेलं पीव्हीव्हीच्या मार्योलाइन फाबर यांच्याकडे. त्या सरकारचं एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये राजाच्या वाढदिवसाआधी तिथे गावोगावच्या साध्या लोकांना राजाच्या नावाने मानचिन्ह देतात, ग्रंथालयात, फुटबॉल क्लबात, वृद्धाश्रमात वर्षानुवर्षं फुकट काम करणाऱ्यांना. २०२५ मध्ये त्या यादीत आश्रितांच्या केंद्रात मदत करणारे पाच स्वयंसेवक होते. मंत्रीणबाईंनी त्यांच्या कागदांवर सही करायला नकार दिला, माझ्या धोरणाशी हे जुळत नाही म्हणून. शेवटी पंतप्रधानांना मध्ये पडून ते मार्गी लावावं लागलं. पाच सह्यांचा प्रश्न होता. पण शेजारधर्म म्हणून परक्या माणसाला भाषा शिकवणं, कागद भरायला मदत करणं हे राज्याच्या नजरेत संशयास्पद आहे, हा निरोप देशभर गेला, आणि तो ज्या मंत्रिमंडळातून गेला त्यात स्वतःला उदारमतवादी म्हणवणारी व्हीव्हीडी होती आणि सुशासनाच्या गोष्टी करून निवडून आलेली ओमत्झिख्त यांची एनएससी होती.

लोकांना जे खरं हवं होतं त्याचं काय झालं? घरं. सुमारे चार लाख घरांची टंचाई असलेला देश आहे तो, तिशीतली कमावती पोरं आईबापांच्या घरी राहतात. आणि आरोग्य विम्यात वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः भरायला लागतात ते बंद करू असं विल्डर्सचं वचन होतं. ३ जून २०२५ ला विल्डर्स अकरा महिन्यांत सरकारातून बाहेर पडला तेव्हा ते ३८५ युरो जागेवरच होते. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पीव्हीव्ही २६ वर आली आणि मध्यममार्गी डी६६ पहिल्या नंबरवर, सगळीकडे सुटकेचा निःश्वास. मी तेव्हाही बेरीज केली होती. पीव्हीव्ही, फोरम आणि जेए२१ या तिन्ही कडव्या उजव्या पक्षांच्या मिळून २०२३ मध्ये ४१ जागा होत्या, २०२५ मध्ये ४२. मतं नुसती घर बदलून गेली. आणि सोबत बसलेल्या एनएससीच्या २० जागा होत्या, त्या शून्य झाल्या.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप लोकशाहीचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. तीस टक्के लोक ज्याला मत देतात त्याला कायम बाहेर ठेवणं हा त्या लोकांचा अपमान नाही का? बघा, ऑस्ट्रियात ७१ टक्के लोकांनी एफपीओला मत दिलं नाही, आणि प्रमाणशीर पद्धतीत सरकार बनवायचा हक्क बहुमत जमवणाऱ्याला असतो, पहिल्या नंबरला नाही. त्या २८.८ टक्क्यांना संसदेत त्यांच्या वाट्याच्या सगळ्या जागा मिळाल्या, समित्या मिळाल्या, अध्यक्षपदसुद्धा मिळालं, तिथे आज एफपीओचा माणूस सभापती आहे. मिळालं नाही ते दुसऱ्याचं मत, आणि दुसऱ्याने आपलं मत कुणाला द्यायचं हा त्याचा हक्क आहे. शिवाय बाहेर ठेवणं हे देशपातळीवर बोललं जातं, खाली वेगळंच चालू असतं, ऑस्ट्रियाच्या नऊपैकी पाच राज्यांत एफपीओ सत्तेत आहे, स्टायरियात तर मुख्यमंत्रीच त्यांचा आहे.

दुसरा आक्षेप मेलोनींचा. इटलीत जॉर्जिया मेलोनी पंतप्रधान झाल्या आणि युक्रेन, ईयू या विषयांवर त्या बऱ्यापैकी संयत वागल्या हे खरं आहे. पण त्यांना युतीने नरम केलं का? युतीत त्यांच्याच पक्षाचा वरचष्मा आहे. इटलीच्या डोक्यावर डोंगराएवढं कर्ज आहे आणि कोविडनंतरच्या युरोपीय निधीतून त्यांना सुमारे १९४ अब्ज युरो यायचे होते, तो लगाम होता. जिथे लगाम नव्हता, म्हणजे घरात, तिथे परदेशात जाऊन केलेलं सरोगसीसुद्धा गुन्हा ठरवणारा कायदा त्यांनी २०२४ मध्ये आणलाच.

दार बंद ठेवणं पुरेसं आहे असंही मी म्हणणार नाही. बेल्जियममध्ये तीसेक वर्षं दार बंद आहे आणि तरी फ्लँडर्स भागात व्लाम्स बेलांग या कट्टर उजव्या पक्षाला २० टक्क्यांच्या वर मतं आहेत. जर्मनीत भिंत आहे म्हणतात, पण २९ जानेवारी २०२५ ला मध्यम-उजव्या पक्षाचे फ्रीडरिख मेर्झ यांनी एएफडी या कट्टर उजव्या पक्षाच्या मतांवर संसदेत स्थलांतराचा ठराव ३४८ विरुद्ध ३४४ ने पास करून घेतला, आणि महिनाभरात एएफडीने २०.८ टक्के मतं घेतली, आधीच्या दुप्पट. दार बंद आणि भाषा मात्र त्यांचीच, हे चालत नाही. बंद दाराआड बसलेल्यांनी घरं बांधायला पाहिजेत, गावातली बंद पडलेली दवाखान्यांची आणि बसची सोय परत आणायला पाहिजे, आश्रितांचे अर्ज वर्षानुवर्षं न रखडवता निकालात काढायला पाहिजेत, होय किंवा नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं श्रेय लवकर मिळत नाही, म्हणूनच नेते भाषणांकडे वळतात, आणि भाषणांत कट्टर उजव्यांना कुणी हरवू शकत नाही.

आता आपल्या लोकांबद्दल, कारण आइंदोव्हन, म्युनिक, स्टॉकहोम इथल्या मराठी मंडळींकडून एक गोष्ट मी सतत ऐकतो, "आपण कायदेशीर आलोय, टॅक्स भरतो, हे सगळं आपल्याबद्दल नाहीच, ते बेकायदा येणाऱ्यांबद्दल आहे." काहींना तर मनातून बरंही वाटतं. त्यांनी स्वीडन बघावं. २०२२ च्या निवडणुकीत तिथल्या कट्टर उजव्या स्वीडन डेमोक्रॅट्सना २०.५ टक्के मतं मिळाली, ज्यांच्याबरोबर काम करणार नाही असा शब्द मध्यम-उजव्या पक्षाचे उल्फ क्रिस्टर्सन यांनी २०१८ मध्ये छळछावणीतून वाचलेल्या हेदी फ्रीड यांना दिला होता, त्यांच्याच पाठिंब्यावर ते पंतप्रधान झाले. त्या सरकारने १ नोव्हेंबर २०२३ पासून वर्क परमिटसाठी लागणारा किमान पगार महिना १३,००० क्रोनावरून २७,३६० वर नेला. ही सगळी माणसं कायदेशीर होती, हॉटेलात स्वयंपाक करणारी, सफाई करणारी, घरोघर वृद्धांची सेवा करणारी, टॅक्स भरणारी. आयटीवाल्यांचा पगार जास्त म्हणून ते सुटले, इतकंच. नेदरलँड्समध्ये विल्डर्सच्या युतीच्या करारात नागरिकत्वासाठीची पाच वर्षं दहा करायचं लिहिलं होतं, ते तर थेट आपल्यासारख्यांसाठीच होतं, सरकार पडलं तोवर ते लागू झालं नव्हतं, इतकंच.

आणि हातात काहीच नाही असंही नाही. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला, पासपोर्ट भारतीय असला तरी, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. स्वीडनमध्ये तीन वर्षांनी, नगरपालिका आणि प्रांत दोन्हींसाठी. आपले कित्येक लोक घरी येणारं मतदानाचं पत्र पाकिटातून काढतही नाहीत. ते काढा, आणि गल्लीत प्रचाराला येणाऱ्या मध्यम-उजव्या उमेदवाराला एकच विचारा, निकालानंतर कुणाबरोबर बसणार आणि कुणाबरोबर नाही. उत्तर निवडणुकीआधी घ्या, लोकांसमोर घ्या, कारण निकालानंतर काय होतं ते शुसेल, क्रिस्टर्सन आणि श्टोकर तिघांनीही दाखवून दिलंय.